दोन वेतनवाढी आणि सहा पानांचं अपील

वाचकाचं पत्र (थोडक्यात)

मी नाशिकमध्ये एका स्वायत्त सार्वजनिक संस्थेत लिपिक आहे. नोकरीची २२ वर्षं झाली, ११ राहिली. वसुलीच्या खिडकीवर बसते. मे महिन्यात एका संध्याकाळी हिशेब जुळवताना रोकड ३,४०० रुपयांनी कमी आली. त्या दिवशी दुपारी दीड तास दुसरी खिडकीही मलाच सांभाळायला सांगितली होती आणि नोटा मोजायचं मशीन बंद होतं. तूट मीच रजिस्टरला लिहिली, साहेबांना सांगितली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पदरचे पैसे भरले. महिन्याभराने कारणे दाखवा नोटीस आली. साहेब म्हणाले, 'चूक झाली, क्षमस्व, असं दोन ओळीत लिहून द्या, मिटवून टाकू.' मी तसं लिहून दिलं. आता आदेश आलाय की दोन वेतनवाढी कायमस्वरूपी रोखल्या आहेत. त्यात 'मागील वर्तनही समाधानकारक नाही' असंही म्हटलंय. आदेशावर ४ तारीख आहे, माझ्या हातात १८ला पडला.

मिस्टर म्हणतात, नोकरी शाबूत आहे ना, मग कशाला वाढवतेस? युनियनचे एक भाऊ म्हणतात, आमदारांचं पत्र आणू. मी सहा पानांचं अपील लिहिलंय, सोबत पाठवते आहे. ते दिलं तर साहेब डूख धरतील का? आणि अपिलात शिक्षा वाढली तर?

एक वाचक, नाशिक

उत्तर

ताई,

तुमचं पत्र मिळालं तेव्हा आदेश हातात पडून नऊ दिवस झाले होते. सदर छापून यायला वेळ लागतो, म्हणून त्याच संध्याकाळी फोन करून मी तुम्हाला एकच गोष्ट विचारली. आदेश घेताना सहीखाली तारीख टाकलीत का? तुम्ही गप्प झालात. तीस वर्षं आस्थापना शाखेत (कर्मचाऱ्यांच्या सेवेचे कागद बघणाऱ्या शाखेत) काढली, पण हा प्रश्न विचारल्यावर समोरचा माणूस गप्प झाला नाही असं क्वचितच घडलं. आदेश हातात पडला की डोळ्यांपुढे अंधारी येते, शिपाई म्हणतो 'इथं करा सही मॅडम', आणि आपण करतो. तारीख नंतर कुणीतरी टाकतं. ती ४ची पडली की १८ची, यावर तुमचे चौदा दिवस अवलंबून असतात.

फोनवर सांगितलं तेच वाचकांसाठी पुन्हा लिहितो. 'आदेश क्रमांक अमुक, दिनांक ४, मला दिनांक १८ रोजी प्रत्यक्ष प्राप्त झाला' एवढं एका ओळीचं पत्र त्याच कार्यालयात आवकला (आलेले कागद नोंदवून घेणाऱ्या टेबलाला) द्यायचं आणि आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख, आवक क्रमांक घ्यायचा. पाकीट असेल तर फेकायचं नाही. शिपायाच्या पोचवहीत तुमची सही कुठल्या तारखेच्या पानावर आहे ते बघून ठेवायचं. अपिलाची मुदत साधारणपणे आदेशाची प्रत हातात पडल्यापासून मोजतात, आदेशावर छापलेल्या तारखेपासून नाही. पण हातात कधी पडली हे दाखवायची वेळ आली तर ते दाखवणं तुमच्याच अंगावर येतं.

आता मुदत. तुमच्या सहकाऱ्यांनी तुम्हाला 'पंचेचाळीस दिवस असतात' असं छातीठोकपणे सांगितलंय. ते खरं आहे, पण राज्य सरकारच्या कर्मचाऱ्यांसाठी. त्यांना १९७९चे महाराष्ट्र नागरी सेवा (शिस्त व अपील) नियम लागू होतात आणि त्यात ४५ दिवस आहेत. जिल्हा परिषदेच्या कर्मचाऱ्यांचे नियम वेगळे, १९६४चे. तिथे मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांच्या आदेशावरचं अपील विभागीय आयुक्तांकडे जातं, म्हणजे आपल्याकडे नाशिकरोडला. महापालिकेत तिसरीच तऱ्हा. १९४९च्या महापालिका अधिनियमाच्या कलम ५६ प्रमाणे पदावनत केलेल्या किंवा नोकरीतून काढलेल्या माणसाला अपिलासाठी एकच महिना मिळतो, आणि शिक्षा आयुक्तांनी दिली असेल तर स्थायी समिती ही त्यांच्या वरची पायरी मानली जाते. महामंडळं, मंडळं, विद्यापीठं यांचे आपापले सेवा विनियम असतात. एकाच चौकात चार कार्यालयं आणि चार प्रकारची घड्याळं. मी एका कर्मचाऱ्याला ओळखत होतो, त्याने शेजारच्या खात्यातल्या मेहुण्याला विचारून मुदत धरली आणि अकरा दिवस उशिरा अपील दिलं. त्याचे मुद्दे कुणी वाचलेच नाहीत, सगळी लढाई 'विलंब माफ करावा की नाही' यातच संपली.

तेव्हा आस्थापनेत जाऊन तुमच्या संस्थेच्या विनियमांची प्रत मागा. 'मिळणार नाही' म्हणाले तर लेखी मागा. तोवर मुदत ३० दिवसांचीच आहे असं धरून चाला. लवकर दिलेलं अपील कुणी परत करत नाही.

मिस्टरांचं म्हणणं मी हसण्यावारी नेत नाही. घरात शांतता हवी असते, आणि 'दोन इन्क्रिमेंट' हे ऐकायला किरकोळ वाटतं. पण एकदा कागद-पेन्सिल घेऊन दोघं बसा. तुम्ही कळवलेलं मूळ वेतन ४१,०००. पुढची पायरी ४२,२००, त्यापुढची ४३,५००. तात्पुरती रोखलेली वेतनवाढ मुदत संपली की परत मिळते, माणूस रांगेत पुन्हा आपल्या जागी येतो. कायमस्वरूपी रोखली म्हणजे तुम्ही निवृत्तीच्या दिवसापर्यंत दोन पायऱ्या मागेच. पहिल्या वर्षी महिन्याला १,२०० रुपये, नंतर २,५००. अकरा वर्षांचा नुसत्या मूळ वेतनाचा हिशेब ३,१४,४०० रुपये होतो. महागाई भत्ता, घरभाडे यात धरलेलं नाही, वरच्या पायऱ्यांवर फरक वाढत जातो तोही नाही, आणि शेवटच्या पगारावर जे जे ठरतं ते सगळं वेगळंच. ३,४०० रुपयांची तूट, तीही दुसऱ्या दिवशी भरलेली, आणि शिक्षा सव्वातीन लाखांच्या आसपास. हा हिशेब अपिलात जसाच्या तसा घाला. सहा पानांत तो कुठेच नाही.

त्या सहा पानांबद्दल आता स्पष्ट बोलतो, राग मानू नका.

पहिल्या पानावर तुमच्या सासूबाईंचं ऑपरेशन आहे. दुसऱ्यावर मुलाच्या इंजिनिअरिंगची फी. तिसऱ्या-चौथ्यावर साहेबांनी मागच्या दिवाळीत रजा नाकारली त्यावरून झालेली बाचाबाची, आणि 'तेव्हापासून ते माझ्या वाईटावर टपून आहेत' हे वाक्य तीनदा. मशीन बंद होतं हे पाचव्या पानावर खालून चौथ्या ओळीत. दुसरी खिडकीही तुमच्याकडे होती हे सहाव्या पानावर, तेही 'तसेच' म्हणून जोडलेलं.

हे अपील वर गेल्यावर त्याचं काय होतं ते सांगतो, कारण बाहेरच्या माणसाला हे दिसत नाही. अपील ज्यांच्या नावे असतं ते साहेब ते आधी वाचत नाहीत. ते येतं आवकला, तिथून आस्थापनेच्या टेबलावर, आणि तिथला कारकून त्यावर टिपणी तयार करतो. कागदावर तीन रकाने आखतो: अपीलकर्त्याचा मुद्दा, शिक्षा देणाऱ्या अधिकाऱ्याचं त्यावरचं म्हणणं, आणि शाखेचा अभिप्राय. मी ही अशी टिपणी किती वेळा केली असेल त्याची मोजदाद नाही. सहा पानं वाचून, त्यातले मुद्दे खणून काढून रकाना भरणं हे संध्याकाळी साडेपाचला कुणाला नको असतं. मग पहिल्या रकान्यात काय पडतं? 'अपीलकर्तीने कौटुंबिक अडचणींबाबत निवेदन केले असून वरिष्ठांवर आकसाचे आरोप केले आहेत.' दुसऱ्या रकान्यात: 'आरोप अमान्य.' तिसऱ्यात: 'तथ्य आढळत नाही.' फाईल वर जाते, हिरव्या शाईची सही होते. आता सिंहस्थाच्या कामांच्या धांदलीत तर कुणी मान वर करून बघणार नाही.

म्हणून अपील असं लिहा की त्या कारकुनाला पहिला रकाना तुमच्याच शब्दांत उतरवता आला पाहिजे. छोटे परिच्छेद, प्रत्येकाला आकडा, प्रत्येकात एकच मुद्दा आणि पुढे 'सोबत सहपत्र क्रमांक अमुक'. दोन-अडीच पानं पुरतात. सासूबाईंचं ऑपरेशन शेवटी एका ओळीत येऊ द्या, किंवा नकोच.

अपील ऐकणाऱ्याने काय बघायचं असतं हे नियमांतच लिहिलेलं असतं, आणि शब्द थोडेफार इकडेतिकडे झाले तरी बहुतेक संस्थांत ते सारखंच आहे. ठरलेली कार्यपद्धती पाळली का, आणि नसेल तर त्यामुळे अन्याय झाला का. काढलेला निष्कर्ष पुराव्याला धरून आहे का. शिक्षा जास्त, कमी की बेताची. तुमचं सगळं अपील या तीन प्रश्नांभोवती उभं करा, त्याबाहेरचं सगळं गाळा.

कार्यपद्धतीचा तुमचा मुद्दा चांगला भक्कम आहे, आणि तो तुमच्या सहा पानांत एका शब्दानेही आलेला नाही! तुम्हाला नोटीस आली, तुम्ही खुलासा दिला, आदेश निघाला. मध्ये विभागीय चौकशी झालीच नाही. दोषारोपपत्र नाही, त्याची जोडपत्रं नाहीत, चौकशी अधिकारी नाही, साक्षीदार नाहीत, रोजनामा नाही. किरकोळ शिक्षेसाठी हा आखूड रस्ता चालतो. पण वेतनवाढ कायमस्वरूपी रोखणं किरकोळ आहे का? पंजाबातल्या अन्न व पुरवठा खात्याच्या एका उपनिरीक्षकाच्या, कुलवंत सिंग गिल यांच्या, दोन वेतनवाढी अशाच कायमच्या रोखल्या होत्या. बरोबर तुमचीच शिक्षा. १९९०मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की नाव काहीही द्या, परिणाम बघितला तर माणूस वेतनश्रेणीत दोन पायऱ्या कायमचा खाली गेला, ही मोठी शिक्षा आहे आणि ती पूर्ण चौकशीशिवाय देता येत नाही. केंद्र सरकारच्या नियमांतही कायमस्वरूपी परिणाम होणार असेल तर चौकशी करावीच लागते, असं कलम आहे. तुमच्या विनियमांत 'वेतनवाढ रोखणे' हे नुसतंच किरकोळ शिक्षांच्या यादीत आहे की 'कायमस्वरूपी' शब्दासकट आहे, ते नीट वाचा. नुसतं असेल तर हा मुद्दा अपिलात क्रमांक एक. शब्दासकट असेल तर मुद्दा थोडा पातळ होतो, तरी घालाच.

दुसरा मुद्दा त्या एका वाक्याचा: 'मागील वर्तनही समाधानकारक नाही.' तुम्ही लिहिलंय की २०१६ आणि २०१९मध्ये उशिरा आल्याबद्दल दोन ज्ञापनं (लेखी समज) मिळाली होती. असतील. पण नोटिशीत त्यांचा उल्लेख होता का? तुम्ही पाठवलेली नोटीस मी दोनदा वाचली, नाही. शिक्षा ठरवताना मागच्या सेवेचा आधार घ्यायचा असेल तर तो कर्मचाऱ्याला आधी सांगितला पाहिजे, त्यावर बोलायची संधी दिली पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९६३मध्येच म्हैसूर राज्याच्या एका प्रकरणात, मांचे गौडा यांच्या, सांगून ठेवलंय. साठ वर्षं होऊन गेली, पण आदेशाचा मसुदा करणारा कारकून वजन यावं म्हणून हे वाक्य टाकतोच. मीही तरुणपणी टाकलं असेल. जुन्या आदेशावरून नवा आदेश उतरवताना ते आपोआप येतं.

पुराव्याचा मुद्दा तुमच्या 'क्षमस्व' पाशी अडतो. आदेशात म्हटलंय, 'आपण दोष मान्य केला आहे.' साहेबांच्या सांगण्यावरून लिहून दिलं हे आता सिद्ध करता येणार नाही, त्यात शिरू नका. पण तुम्ही काय मान्य केलंत ते शब्द नीट बघा. 'रक्कम कमी आली, माझ्याकडून अनवधान झाले, क्षमस्व.' हे तूट मान्य करणं झालं. नोटिशीतला आरोप मात्र 'शासकीय रकमेचा गैरविनियोग व संशयास्पद सचोटी' असा आहे. तूट वेगळी आणि गैरविनियोग वेगळा. पैसे खाणारा माणूस तूट स्वतःच्या हाताने त्याच संध्याकाळी रजिस्टरला चढवत नाही. परिच्छेद साधारण असा लिहा:

'४) माझ्या खुलाशात मी रोकड कमी आल्याचे व अनवधान झाल्याचे नमूद केले आहे. गैरविनियोगाचा आरोप मी कोठेही मान्य केलेला नाही. तूट मी स्वतः त्याच दिवशी रोकड नोंदवहीत नोंदवली (सहपत्र ३) व दुसऱ्या दिवशी कार्यालय सुरू होताच भरणा केला (सहपत्र ४). त्या दिवशी दुपारी दीड तास खिडकी क्रमांक २चे कामही मजकडे सोपविण्यात आले होते व नोटा मोजण्याचे यंत्र नादुरुस्त होते. आदेशात या चारपैकी एकाही बाबीचा विचार झालेला नाही.'

बघा, यात विशेषण एकही नाही. 'अन्यायकारक', 'सूडबुद्धीने', 'घोर' असलं काही नाही. अपिलाची भाषा आदराची असावी अशी अटच असते, आणि ती पाळली नाही म्हणून अपील परत आल्याचं मी पाहिलंय. आकसाचा आरोप नुसता रागाच्या भरात करून भागत नाही, त्याला तारीख, प्रसंग, कागद लागतो. रजेवरून झालेली बाचाबाची एवढं ओझं पेलत नाही. ती चार पानं फाडून टाका. रडून घ्यायचं असेल तर घरी घ्या, मीही घेतलंय.

मशीन बंद होतं याचा कागद लागेल. दुरुस्ती करणाऱ्याला बोलावल्याची नोंद कुठेतरी असेलच: तक्रारवही, बिल, निदान एखादा फोन. खिडकी दोन तोंडी सांगून दिली होती म्हणता, तर त्या दिवशी त्या खिडकीवरच्या पावत्यांवर कुणाची सही आहे? तुमचीच असणार. त्या पावत्यांच्या कार्यालयीन प्रती मागा. माहिती अधिकारात अर्ज करा, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून, आणि स्वतःच्या प्रकरणाची टिपणीसकट फाईलही मागा. फक्त एक ध्यानात घ्या, त्यांना उत्तर द्यायला ३० दिवस असतात आणि तुमची अपिलाची मुदत तोवर निघून जाईल. अपील आधी द्यायचं आणि शेवटी लिहायचं: 'मागितलेली कागदपत्रे प्राप्त होताच पूरक निवेदन सादर करण्याची परवानगी असावी.' कागदांची वाट बघत अपील अडवून ठेवणारे लोक मी फार पाहिले.

शेवटी मागणी, आणि ती पायरीपायरीने: आदेश रद्द करावा, ते शक्य नसेल तर शिक्षा कमी करून ठपका किंवा तात्पुरती वेतनवाढ रोखण्यापुरती ठेवावी, अपिलाचा निकाल लागेपर्यंत आदेशाला स्थगिती द्यावी, मला समक्ष सुनावणी द्यावी. स्थगिती आपोआप मिळत नाही, मागावी लागते, आणि स्वतंत्र अर्जाने मागितलेली बरी. सुनावणीचं म्हणाल तर १९८६मध्ये रेल्वेतल्या राम चंदर यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने अपील ऐकणाऱ्याने समक्ष बाजू ऐकावी आणि कारणं देऊन निर्णय द्यावा, असं सांगितलंय. आपल्याकडे मनमाड-इगतपुरीला रेल्वेत नोकरी केलेल्या जुन्या माणसांना हे नाव माहीत असतं. कारखान्यातल्या छाप्यासारखा 'मुद्दे विचारात घेतले, तथ्य नाही, फेटाळले' असा निकाल आला, तर पुढे भांडायला तोच एक मुद्दा होतो.

शिक्षा वाढेल का? अधिकार असतो, खोटं कशाला सांगू. पण वाढवायची झाली तर तुम्हाला आधी तसं कळवून म्हणणं मांडायची संधी द्यावी लागते, आणि मोठ्या शिक्षेकडे जायचं तर चौकशी करावी लागते. जी चौकशी त्यांनी टाळली तीच मग करावी लागेल. माझ्या सगळ्या नोकरीत कर्मचाऱ्याच्या स्वतःच्या अपिलात शिक्षा वाढलेली मी दोनदा पाहिली, आणि दोन्ही वेळा मूळ प्रकरण तुमच्यापेक्षा फार काळं होतं.

साहेब डूख धरतील का, याचं उत्तर नियमात नाही. धरतीलही. त्यांनी अपील टेबलाच्या खणात ठेवून देऊ नये याची काळजी मात्र घेता येते. अपील 'योग्य मार्गाने' म्हणजे त्यांच्यामार्फत द्या आणि आगाऊ प्रत थेट अपील प्राधिकाऱ्याकडे पाठवा. मुख्य पोस्टातून स्पीड पोस्टने. आपलं जुनं रजिस्टर पोस्ट २०२५मध्ये स्पीड पोस्टातच सामावून घेतलंय, तेव्हा काउंटरवर 'रजिस्टर एडी' मागून वाद घालत बसू नका, पोच हवी असल्याचं सांगा आणि पावती सांभाळा. टायपिंग बाहेर करायचं तर सीबीएसजवळ (मध्यवर्ती बसस्थानकाजवळ) कोर्टाबाहेरच्या टायपिंगवाल्यांना 'अपील' म्हटलं की ते जुना मसुदा उघडून त्यात तुमचं नाव घालतात, आणि 'अपीलकर्ता हा' असा पुरुष होऊन बसतो. घरीच करा, मुलगा इंजिनिअरिंगला आहे म्हणता.

आमदारांचं पत्र नको. युनियनच्या भाऊंचा हेतू चांगला असेल, पण सेवेच्या बाबतीत बाहेरून वजन आणणं हेच वर्तणूक नियमांत गैरवर्तन धरलेलं असतं. वेतनवाढीची फाईल वर आणि त्याखाली नवी नोटीस, असं होऊ शकतं. भाऊंना वेगळं काम द्या: तुमच्याच संस्थेत अशाच तुटीत आजवर कुणाला काय शिक्षा झाली ते शोधायला सांगा. ३,००० ते ५,००० रुपयांची तूट आणि नुसती ताकीद, अशी दोन उदाहरणं मिळाली तर ती अपिलात सोन्यासारखी आहेत. युनियनकडे ही माहिती असते, आमदारांकडे नसते.

काहीजण म्हणतील, अपिलात वेळ घालवू नका, सरळ कोर्टात जा. कोर्ट आधी विचारतं की आतली वाट संपवली का. त्याहून मोठं कारण वेगळं आहे. १९९५च्या बी. सी. चतुर्वेदी प्रकरणापासून कायदा असा घट्ट झालाय की न्यायालय पुरावा पुन्हा तोलत बसत नाही, आणि शिक्षेत हात घालतं ते ती धक्कादायक असेल तरच. मशीन बंद होतं की नव्हतं, साडेतीन हजाराला एवढी शिक्षा जड आहे की नाही, हे नव्याने बघायला बसलेला शेवटचा माणूस म्हणजे तुमचा अपील प्राधिकारी. म्हणून तिथे रडगाणं नको, हिशेब हवा. अपील फेटाळलं तर पुढचा रस्ता तुम्ही कामगार ठरता की नाही यावर आहे. एक वाट औद्योगिक न्यायालयाकडे जाते, दुसरी मुंबईच्या उच्च न्यायालयाकडे. मॅटमध्ये (महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात) तुमच्यासारख्या संस्थेतल्या माणसाला जाता येत नाही, आणि सरकारी नोकरांना बडतर्फीपासून संरक्षण देणारं संविधानाचं कलम ३११ तुम्हाला लागू नाही; याच्या उलट गैरसमज कॅन्टीनमध्ये फार फिरतात. १९७१च्या अनुचित कामगार प्रथांच्या कायद्याखाली तक्रारीला ९० दिवसांची मुदत आहे, आणि अपील चालू आहे म्हणून ते घड्याळ थांबतं असं समजू नका. एखाद्या सेवाविषयक वकिलाला आदेश आत्ताच दाखवून ठेवा.

तुमच्या पत्रात शेवटी बारीक अक्षरात विचारलंय की रोज त्याच साहेबांसमोर त्याच खिडकीवर बसायचं कसं. बसा. अपील दिलंत त्या दिवशीही 'नमस्कार साहेब' म्हणा. पण उद्यापासून दुसरी खिडकी सांभाळायला सांगितली की एका चिठ्ठीवर 'दुपारी १.३० ते ३, खिडकी २, तोंडी सूचनेनुसार' असं लिहून साहेबांची आद्याक्षरं घ्यायची, आणि घेताना सुरुवातीची रोकड मोजून दोघांच्या सह्या. ते मशीन अजून बंदच असेल, तर त्याचीही तक्रार आजच आवकला टाका.